बाकाच्या अलीकडे

"अंतर ठेवलं की निम्मं काम झालं," असं ते एकदा नव्या भरतीच्या पोरांना म्हणाले होते. उरलेलं निम्मं कोणतं, म्हणून एका मुलीने विचारलं, तर म्हणाले, "ठेवलेलं अंतर राखणं." वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

अणुवीज केंद्रात ते शिफ्टप्रमुख होते. पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. उंच, सडपातळ, मान कधी कललेली नाही, बूट काढून ठेवले तरी ते बूट ताठ उभे असल्यासारखे दिसायचे. कोणी नियमात बोटभर सवलत मागायला आलं तर ते रागावत नसत, आवाज चढवत नसत. फक्त चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे. तेवढ्या वेळात मागणाऱ्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं आणि तो "राहू द्या साहेब" म्हणून निघून जायचा. हळूहळू लोकांनी त्यांच्याकडे मागणंच सोडलं. जे मागायचं ते दुसरीकडे जाऊन मागत. त्यांना वाटायचं, आपल्या शिफ्टमध्ये कुणाला काही कमी पडत नाही.

बायको पाळणाघर चालवायची. केंद्राच्या वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरची पुढची खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरांनी भरलेली असे. भिंतीवर पोरांच्या हातांचे ठसे, कोपऱ्यात रंग उडालेली घसरगुंडी, आणि एक बुटका पिवळा बाक, ज्याच्या पाठीवर बदक काढलेलं होतं. बाई गोल, बोलकी, मोठ्या आवाजाची. पोरांना घ्यायला आलेल्या आयांना ती सांगायची, "माझ्या घरात एक फूटपट्टी आहे आणि डझनभर खोडरबरं. हे दिवसभर आखतात आणि ही दिवसभर पुसतात." नवऱ्याचं टोपणनाव तिला माहीत होतं. किंबहुना वसाहतीत ते पसरलं ते तिच्यामुळेच, असं टर्बाइन विभागाचा प्रमुख छातीठोकपणे सांगायचा. हा टर्बाइनवाला शेजारीच राहायचा आणि फूटपट्टीला अरे-तुरे करणारा तो एकटाच होता.

केंद्राचे संचालन प्रमुख निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. ही खुर्ची म्हणजे सगळ्या अणुभट्ट्या, सगळ्या शिफ्ट, कोणतं युनिट कधी बंद करायचं आणि कधी चालू करायचं, यावरचा शेवटचा शब्द. एकदा त्यांना डावलून मुख्यालयातला माणूस आणून बसवला होता. या वेळी हुकलं की वयाने दार बंद होणार होतं. त्यांना खुर्चीची हाव होती असं कोणी म्हणणार नाही. पण ती त्यांना हवी होती, अगदी आतून हवी होती, आणि ही गोष्ट बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तिने मुलाखतीसाठी फिकट निळा शर्ट आणून ठेवला होता. "पांढरा नको," ती म्हणाली होती. "पांढऱ्यात तुम्ही दवाखान्यातले दिसता."

दवाखाना आधी तिच्याच वाट्याला आला. पोराला न्यायला आलेल्या एका आईने विचारलं, "काकू, गळ्यापाशी हे काय सुजलंय?" तिथून सुरू झालं. थायरॉइडची गाठ, ती चांगली नव्हती. शस्त्रक्रिया झाली. मग डॉक्टर म्हणाले, उरलंसुरलं मारायला किरणोत्सर्गी आयोडीन द्यावं लागेल. गोळीसारखंच घ्यायचं. काही दिवस इथे वेगळ्या खोलीत, मग घरी, पण घरीही आठवडाभर जपायचं. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं बाथरूम. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना जवळ येऊ द्यायचं नाही.

"म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईकच बंद," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि लेकसुद्धा."

लेक दुसऱ्या गावी होती, दिवस भरत आले होते. म्हणजे घरी उरले ते एकटे हे.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"हे?" उत्तर बायकोने दिलं. "हे याच भानगडीतून वीज काढतात."

डॉक्टर हसले. "मग तुम्हाला मी काय शिकवणार!" आणि खरंच त्यांनी फारसं काही शिकवलं नाही. निघताना दारात एवढंच म्हणाले, "दिवसातून थोडा वेळ जवळ बसलात तरी हरकत नाही हं. तेवढंच पेशंटला बरं वाटतं."

आता केंद्रातल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. भट्टीच्या इमारतीत शिरताना दाराला आडवा एक बाक असतो, गुडघ्याएवढा, स्टीलचा. अलीकडे बसायचं, बूट काढायचे, पाय उचलून पलीकडे न्यायचे आणि पलीकडे ठेवलेले बूट घालायचे. अलीकडचा तळवा पलीकडच्या फरशीला लागता कामा नये, पलीकडचा अलीकडच्या फरशीला तर मुळीच नाही. आणि गेटवर एक कमान आहे. माणूस तिच्यात उभा राहिला की ती त्याच्या अंगावर, कपड्यांवर, नखांत किरणोत्सर्गी असं जे काही चिकटलं असेल ते हुडकते. काही नसेल तर हिरवा दिवा. असेल तर अशी वाजते की रांगेतला मागचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो.

बायको दवाखान्यातून घरी यायच्या आधी त्यांनी मागची खोली तयार केली. पाळणाघर बंद होतं. पुढच्या खोलीतला बदकाचा बाक उचलून त्यांनी मागच्या खोलीच्या दारात आडवा टाकला. अलीकडे एक चप्पलजोड, पलीकडे एक.

तिने आत पलंगावर बसून ते पाहिलं.

"पोरांचा बाक इथे कशाला आणलात?"

"अलीकडे माझी चप्पल. पलीकडे तुझी."

"आणि मी काय, भट्टी?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. बरं, भट्टीला चहा मिळेल का?"

चहा मिळाला. कप बाकावर ठेवला, ते मागे सरले, मग ती उठून आली आणि कप घेऊन गेली. जेवण तसंच, औषधं तशीच, फोनचा चार्जरही तसाच. त्यांनी या सगळ्यात कुठे चूक केली नाही. शस्त्रक्रियेबद्दल लोकांना माहीत होतं, आयोडीनबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गेटवर नोंद झाली असती, कदाचित काही दिवस घरीच बसा म्हणाले असते, आणि मुलाखत त्याच आठवड्यात होती, सोमवारी, गेटच्या आतल्या कचेरीत.

रविवारी दिवेलागणीला तिने हाक मारली. गळ्यावर टाक्यांचा व्रण होता, आवाज खाली गेला होता.

"अहो."

"हं?"

"जरा आत येऊन बसता का? पायाशी बसा. बोलायला नको काही."

ते बाकापाशी आले आणि थांबले. हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला, माणसाला शिंक येते तसा. अर्धा तास पलंगाच्या कडेवर बसल्याने अंगात जे गेलं असतं, त्याहून जास्त ते दुरुस्तीच्या एकेका दिवशी घेऊन घरी आले होते आणि जेवून निवांत झोपले होते. त्याची त्यांना भीती नव्हती. भीती चादरीची होती. तिच्या घामातून आणि थुंकीतून चादरीत, उशीत जे उतरत होतं, त्यातलं तीळभर बाहीला लागलं असतं, आंघोळ करूनही कुठेतरी राहिलं असतं, आणि उद्या सकाळी कमान वाजली असती. मग कुठून आलं, कसं आलं, आधी का कळवलं नाहीत. आणि वरच्या मजल्यावर निवड मंडळ चहा पीत बसलेलं असताना फूटपट्टी खाली गेटवर अडकलेली.

"उद्या मुलाखत आहे," ते म्हणाले. "गेटवर वाजलं तर..."

"अगंबाई, हो की. विसरलेच मी." ती खरंच विसरली होती असं तिच्या आवाजावरून वाटलं. "मग नको. राहू द्या."

"आठवड्याचाच प्रश्न आहे."

"हो, हो. जेवून घ्या तुम्ही."

ते जेवायला गेले नाहीत. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बाकाच्या अलीकडे बसले. तिथून पलंगाचं फक्त पायथ्याचं टोक दिसायचं. पांघरुणातून तिची पावलं बाहेर आली होती. अंगठे अधूनमधून हलत होते, बाकीची ती भिंतीआड होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पाय गार पडलेत का?" "नाही," ती म्हणाली. खोलीत अंधार उतरत गेला तशी पावलंही दिसेनाशी झाली, आणि ते समोरच्या काळोखाकडे बघत बसून राहिले. त्यांच्या आयुष्यात कामाखेरीज इतका वेळ ते कशाच्याही समोर बसले नव्हते.

सोमवारी कमान वाजली नाही. हिरवा दिवा लागला. मागे टर्बाइनवाला होता.

"काय रे, शर्ट नवा! कमानसुद्धा लाजली बघ. वहिनी कशा आहेत?"

"ठीक आहे."

वर मंडळाने कामाचं खूप विचारलं, त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ही जबाबदारी दिवसरात्रीची आहे. घरी काही अडचण?"

"काही अडचण नाही," ते म्हणाले.

निवड त्यांचीच झाली. पण अशा जागेची नेमणूक म्हणजे दुकानाचं कुलूप उघडणं नव्हे. कागद एका खात्यातून दुसऱ्यात, चौकशा, मंजुऱ्या, त्यात कितीतरी महिने जातात. तोवर आठवडा उलटला होता. त्यांनी चादरी धुतल्या, फरशी पुसली, बाक उचलून पुढच्या खोलीत नेऊन ठेवला. मग चहाचे दोन कप घेऊन ते आत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसायला वाकले.

तिने पाय ओढून घेतले.

"तिकडे स्टुलावर बसा. उद्या गेटवर जायचंय ना."

"आता काही नाही गं तुझ्या अंगात. सगळं उतरलं."

"असू दे. उगाच कशाला."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल पलंगाला अगदी चिकटवून ठेवलं, तर ती हळूच भिंतीकडे सरकली, झोपेत सरकावं तशी. ती टोमणा मारत होती की खरंच त्यांना जपत होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. टोमणा असता तर सोपं होतं. इतक्या वर्षांत तिच्या टोमण्यांना उत्तर द्यायला ते शिकले होते. पण तिच्या बोलण्यात कुठेच धार नव्हती. निवडीची बातमी ऐकून ती मनापासून खूश झाली, फोनवर लेकीला म्हणाली, "तुझे बाबा आता सगळ्या केंद्राला चष्मा पुसून दाखवणार." मग फोन ठेवून त्यांना म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं? चला, एकाचं तरी झालं."

पुढच्या तपासणीत कळलं की आजार फुप्फुसात गेलाय आणि तिथल्या गाठींनी आयोडीन घेतलंच नाही. डॉक्टरांनी पडद्यावर काळंपांढरं काही दाखवलं. "औषध त्या जागेपर्यंत पोचलंच नाही, असं समजा."

"म्हणजे त्यानेसुद्धा अंतर ठेवलं म्हणायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांना काही समजलं नाही. ते उगाच हसले. तिच्या नवऱ्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

लेक बाळाला घेऊन आली तेव्हा आईची कूस बदलायलाही दोघं लागत होती. लेक मात्र आली तशी सरळ पलंगावर चढून बसली, बाळाला आजीच्या पोटाशी ठेवलं. आजीने काही हरकत घेतली नाही. बाळाच्या टाळूवर नाक घासून ती पुटपुटली, "हे एक नवीन खोडरबर आलं." ते स्टुलावर बसून पाहत होते. लेक म्हणाली, "बाबा, इकडे या ना, जागा आहे." ते उठणार, तोच पलंगावरून आवाज आला, "नको गं. त्यांना तिथेच बरं वाटतं."

पुन्हा तेच. टोमणा की काळजी, काही कळायला मार्ग नाही.

ती एका साध्या दुपारी गेली. लेक तिचा हात धरून पलंगावर होती, बाळ झोपलं होतं, आणि ते स्टुलावर होते. उठून जवळ पोचेपर्यंत झालं होतं. अंतर दोन हातांचंही नव्हतं.

त्या आठवड्यात वसाहत येऊन जाऊन होती. पाळणाघरात वाढलेली मोठमोठी पोरं येऊन दारात उभी राहायची, काय बोलावं हे न कळून भिंतीवरचे आपले ठसे शोधायची. एक दिवस मापन विभागाची प्रमुख बाई आली. गेटवरची कमान, कामगारांच्या छातीवरचे किरण मोजणारे बिल्ले, सगळं तिच्या हाताखाली. आत लेकीशी थोडा वेळ बोलून ती बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसली.

"साहेब, एक विचारू? बाईंना आयोडीन दिलं होतं?"

"हो."

"कधी?"

त्यांनी सांगितलं.

"म्हणजे मुलाखतीच्या वेळी? पण तुम्ही तर रोज गेटमधून येत होतात. कमान कशी वाजली नाही?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं. तिचा चेहराच पडला.

"अहो साहेब, मला एक फोन करायचा! स्टोअरवाल्याची बायको, वेल्डरची आई, गेल्या वर्षी तर आपल्या कँटीनचा आचारी... सगळे माझ्याकडेच येतात. मी आधी लिहून ठेवते, बाजूच्या खोलीत हातातल्या यंत्राने बघते, लागलं तर कपडे बदलायला लावते आणि आत सोडते. चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही."

"हे नियमात बसतं?"

"नियमच आहे तो. आमच्या विभागाचा, जुना."

"मग मला कसा माहीत नाही?"

बाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तुमच्यापर्यंत ते कोणी येऊच देत नव्हतं साहेब. पोरं म्हणायची, त्यांना नका सांगू, ते चष्मा पुसतील."

ती गेल्यावर ते तिथेच बसून राहिले. लेकीने पाणी आणून ठेवलं, नंतर दिवा लावला. एकदा त्यांनी विचारलं, "तिने तुला कधी काही सांगितलं होतं? त्या रविवारबद्दल?" कोणता रविवार, असं लेकीने विचारलं. ते म्हणाले, "काही नाही."

नेमणुकीचा आदेश त्याच महिन्यात आला. सांगून टाकलेलं बरं, की त्या खुर्चीत ते निवृत्तीपर्यंत बसले आणि चांगले बसले. केंद्रात त्यांच्याबद्दल आजही कोणी वावगं बोलत नाही. पण पदभार घेण्याच्या दिवशी जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. लेकच म्हणाली, "जा बाबा. आईलाही हवं होतं." निळा शर्ट तिनेच काढून दिला. टर्बाइनवाला न्यायला आला. वाटेत त्याला एकही विनोद सुचला नाही.

सभागृह भरलं होतं. शिफ्टवर नसलेले सगळे आले होते, शिफ्टवरचेही काही खिडक्यांतून डोकावत होते. अध्यक्षांनी कामगिरी वाचून दाखवली, कोणत्या वर्षी कोणतं युनिट विनाखंड किती चाललं वगैरे. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला, चष्म्यावरून लोकांकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. माणूस भला होता, जे बोलला ते मनापासून बोलला.

"आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. गेल्या काही महिन्यांत यांच्या घरी काय चाललं होतं, हे आम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही. मुलाखतीत मी स्वतः विचारलं होतं. म्हणाले, काही अडचण नाही. घरचं दुःख या माणसाने एकही दिवस गेटच्या आत आणलं नाही. मित्रांनो, अशा माणसाच्या हाती आपण हे केंद्र देतोय."

टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगांत, मग मागे, मग खिडक्यांबाहेरही. मापन विभागाची बाई तिसऱ्या रांगेत होती. तिने हात मांडीवरून उचलले नाहीत, मान खाली घातली. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना माईकपाशी नेलं. "दोन शब्द," ते हळूच म्हणाले.

ते माईकसमोर उभे राहिले. टाळ्या संपल्या. कुठेतरी एक खुर्ची करकरली, कोणी खोकलं, मग तेही थांबलं. माईकमधून त्यांचा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता, आत जाणारा आणि बाहेर येणारा. लोक वाट पाहत होते. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा समोरच्या सगळ्या चेहऱ्यांकडे. मग ते वळले, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेले. वाटेतल्या लोकांनी पाय आत ओढून घेतले. दार जड होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी ढकललं आणि बाहेर पडले.